‘ॲब्सॉर्प्शन’ मराठीत लिहिताना: शोषण, जिरणे, मुरणे की भिनणे?

टाइलच्या खोक्यावर ‘वॉटर ॲब्सॉर्प्शन’ छापलेले असते. सातवीच्या विज्ञानात पचनाच्या पाठोपाठ ‘ॲब्सॉर्प्शन’ येते, बी.कॉम.च्या कॉस्टिंगमध्ये ‘ओव्हरहेड ॲब्सॉर्प्शन’ आणि सरकारी पत्रात ‘ॲब्सॉर्प्शन ऑफ सरप्लस स्टाफ’. इंग्रजी एका नामावर ही चारही कामे भागवते. मराठीत ती एका शब्दावर भागत नाहीत, आणि भागवायला गेले की ‘अतिरिक्त कर्मचाऱ्यांचे शोषण करण्यात येईल’ असे वाक्य कागदावर उतरते. खाली सही करणाऱ्याने ते वाचले नसेल तर दुसऱ्या दिवशी युनियनचा मोर्चा ठरलेला.

इंदुरातल्या मराठी घरांत हा गुंता आणखी एका पदराने वाढतो. हिंदी माध्यमाच्या शाळेत मूल ‘अवशोषण’ शिकते, इंग्रजी माध्यमात ‘ॲब्सॉर्प्शन’, आणि घरी आजी म्हणते, ‘तेल नीट जिरव टाळूत.’ या तिघांच्या मध्ये ‘सोखून घेणे’ हे हिंदीतून आलेले रूप बोलण्यात सर्रास चालते. राजेंद्रनगर, लोकमान्यनगरच्या घरांत ‘पोछ्यानं पाणी सोखून घे’ म्हटले तर कोणाला काही खटकत नाही, खटकायचे कारणही नाही. पण तेच वाक्य पुण्या-नाशिकच्या गिऱ्हाइकासाठी छापायच्या पत्रकात गेले की अडते. तिथे ‘फडक्यानं पाणी टिपून घे’ हवे.

हा लेख भाषांतर करणारे, लेबले आणि पत्रके लिहिणारे, घरी मुलांना विज्ञान समजावणारे पालक आणि इंग्रजीच्या पेपरात समानार्थी शब्द लिहिणारे विद्यार्थी यांच्यासाठी आहे.

आधी इंग्रजी शब्द पक्का करा

क्रियापद ‘ॲब्सॉर्ब’, शेवटी बी. नाम ‘ॲब्सॉर्प्शन’, आणि तिथे बीच्या जागी पी येतो. परीक्षेत सर्वांत जास्त चुका इथेच होतात, कारण बी तसाच ठेवून पुढे ‘शन’ लावणे तर्काला धरून वाटते. नियम लक्षात ठेवायचा तर एकट्या शब्दाचा ठेवू नका, कुटुंबाचा ठेवा: डिस्क्राइब–डिस्क्रिप्शन, प्रिस्क्राइब–प्रिस्क्रिप्शन, सबस्क्राइब–सबस्क्रिप्शन. या सगळ्यांत क्रियापदाचा बी नामात पी होतो, कारण पुढच्या कठोर ‘ट’मुळे लॅटिनमध्येच तो बदलला होता. उलट विशेषणात बी कायम राहतो: ‘ॲब्सॉर्बन्ट’, ‘ॲब्सॉर्बिंग’. उच्चारात जोर दुसऱ्या अवयवावर, ‘सॉर्प’वर. मधला स हा ‘झ’सारखा उच्चारला तरी बरोबरच.

हे नाम सहसा अनेकवचनात येत नाही आणि त्याला ‘ॲन’ लावत नाहीत. रचना अशी: ‘ॲब्सॉर्प्शन ऑफ’ अमुक ‘बाय’ तमुक. म्हणजे ‘ऑफ’नंतर जे आत जाते ते, ‘बाय’नंतर जे आत घेते ते. रक्तात, मातीत, मोठ्या संस्थेत शिरण्याची दिशा दाखवायची असेल तर ‘इन्टु’. मन गुंतण्याबद्दल असेल तर फक्त ‘इन’; ‘ॲब्सॉर्ब्ड विथ’ ही चूक धरली जाते. आणखी एक: ‘सोक अप’ बरोबर आहे म्हणून ‘ॲब्सॉर्ब अप’ होत नाही.

पहिली पायरी: कर्ता उलटवून पाहा

भाषांतर अवघडल्यासारखे वाटते त्याचे मुख्य कारण शब्द नसून कर्ता असतो. इंग्रजीत आत घेणारी वस्तू कर्ता होते: माती पाणी ॲब्सॉर्ब करते, त्वचा मलम ॲब्सॉर्ब करते. मराठीत बहुतेक वेळा आत जाणारी वस्तू कर्ता होते: पाणी मातीत मुरते, मलम अंगात जिरते, तूप पुरणपोळीत मुरते. म्हणून ‘त्वचा मलमाचे शोषण करते’ हे व्याकरणाने शुद्ध असूनही कोणी बोलत नाही. मलमाच्या ट्यूबवर लिहायचे ते असे: ‘मलम पूर्ण जिरेपर्यंत हलक्या हाताने चोळा.’

तर काम करायची पद्धत अशी. वाक्यातले ‘ॲब्सॉर्प्शन’ हे नाम शोधा आणि ते मोडून क्रियापद करा. मग काय आत जाते आणि कशात जाते, या दोन गोष्टी समोर लिहा. आत जाणारी वस्तू कर्त्याच्या जागी ठेवून वाक्य मोठ्याने म्हणा. जीभ अडखळली नाही तर तेच ठेवा. अडखळली तरच शोषणाऱ्याला कर्ता करा.

पावसाळ्यात तर ही उलटापालट टोकाला जाते. इंग्रजी पुस्तकात मीठ हवेतला ओलावा ॲब्सॉर्ब करते. घरात मात्र ‘मिठाला पाणी सुटलं’. रसायनशास्त्राच्या दृष्टीने पाणी बाहेरून आत आले, बोलीच्या दृष्टीने ते मिठातून बाहेर आले. शेव, पापड, चिवडा यांच्याबाबत मराठीत एकच नेमके क्रियापद आहे: ‘सादळणे’. ‘शेव सादळली’ या दोन शब्दांत ‘हवेतली आर्द्रता शोषल्याने कुरकुरीतपणा गेला’ एवढे सगळे येते. इंदुरात शेवेशिवाय पोहे खात नाहीत, पण घरोघरी ‘शेव सिलून गेली’ ऐकू येते, कारण हिंदीत ‘सील जाना’ म्हणतात. शेवेच्या पाकिटावर ‘आर्द्रता शोषून घेऊ नये म्हणून’ असे लिहिण्यापेक्षा ‘सादळू नये म्हणून हवाबंद डब्यात ठेवा’ लिहावे. जागाही वाचते.

दुसरी पायरी: आत गेल्यावर त्याचे काय झाले?

इथे मराठीचे खरे वैभव आहे, म्हणून जरा थांबू. क्रियापद निवडताना प्रश्न एकच विचारायचा: आत गेलेली वस्तू पिळून परत काढता येते, नाहीशी होते, आत राहून चव-गुण बदलते, की सर्वत्र पसरते?

परत काढता येत असेल आणि पृष्ठभागावरून थोडेथोडे उचलले जात असेल तर ‘टिपणे’. फडके सांडलेले पाणी टिपते, कागद भज्यांवरचे तेल टिपतो, रुमालाने घाम टिपतात. शाई टिपणारा तो टिपकागद; हिंदीतला ‘सोख्ता’ हाच. टिपण्यात रगडणे नाही, दाबून उचलणे आहे. म्हणून जखमेच्या काळजीच्या सूचनेत ‘पॅट ड्राय’ला ‘पुसून कोरडे करा’ म्हणणे चूक, ‘टिपून कोरडे करा’ बरोबर. पुसल्याने नवी कातडी निघू शकते. शब्दाची निवड इथे थेट उपचाराशी जोडलेली आहे.

वस्तू जोराने, स्वतःकडे ओढून, भरपूर आत घेत असेल तर ‘शोषणे’ किंवा ‘शोषून घेणे’. स्पंज, मुळे, कापूस यांना ते शोभते. इथे मराठी कर्ता इंग्रजीसारखाच राहतो. औषधाच्या दुकानातला शोषक कापूस आणि गादीचा साधा कापूस यांतला फरक पाण्यात टाकून कळतो: शोषक कापसातली मेणचट चरबी काढून टाकलेली असते, म्हणून तो काही सेकंदांत बुडतो. औषधकोशातल्या चाचणीत ही मर्यादा 10 सेकंदांची आहे. साधा कापूस तरंगत राहतो. नव्या टॉवेलचे दुखणेही याच जातीचे. गिरणीतून येताना धाग्यावर मऊपणासाठी थर दिलेला असतो, त्यामुळे तो अंगावरचे पाणी टिपण्याऐवजी नुसते इकडून तिकडे सरकवतो. दोन-तीन धुण्यांनंतर ताळ्यावर येतो.

गरजेपेक्षा जास्त आत घेतले आणि त्याबद्दल तक्रार असेल तर ‘पिणे’. वीट पाणी पिते, भजी तेल पितात. कौतुकाने म्हणायचे असेल तर गुलाबजाम पाक पितात असेही म्हणतात, पण एरवी या क्रियापदाला नाराजीचा वास असतो. तेल पिण्याचे कारण बहुधा कढईत सापडते. तेल 175–180 अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असले की पिठातल्या पाण्याची वाफ जोराने बाहेर पडते आणि वरचा थर लवकर कडक होतो. तेल कोमट असताना पदार्थ सोडला तर तो थर उशिरा धरतो. शिवाय बरेचसे तेल पदार्थ बाहेर काढल्यावर, आतली वाफ निवताना, आत ओढले जाते. त्यामुळे झाऱ्यावर निथळून लगेच कागदावर ठेवणे हा नुसता सोपस्कार नाही. पाककृती लिहिताना ‘ऑइल ॲब्सॉर्प्शन कमी होते’ याला ‘भजी कमी तेल पितात’ हेच भाषांतर.

पीठ आणि रवा यांना ‘ओढणे’ चालते: ‘या गव्हाचं पीठ पाणी जास्त ओढतं.’ बेकरीच्या भाषेतले ‘वॉटर ॲब्सॉर्प्शन 60 परसेंट’ म्हणजे 100 ग्रॅम पिठाला 60 ग्रॅम पाणी लागते. मराठीत लिहिताना ‘पाणी लागते’ एवढे पुरे, शोषणाचा उल्लेखही नको. गिरणीच्या जात्यावर दळलेल्या पिठात बारीक मैद्यापेक्षा पाणी जास्त लागते, कारण दगडाच्या दाबाने पिष्टाचे कण फुटतात आणि फुटलेला कण पाणी अधिक धरतो. कोंडाही पाणी ओढतो. म्हणून मैद्याची इंग्रजी कृती कणकेने करताना पाणी तेवढेच ठेवले की गोळा घट्ट होतो.

आता जिरणे आणि मुरणे. दोन्हींत वस्तू आत जाते आणि वर दिसेनाशी होते, पण एक फरक पाळला जातो. ‘जिरणे’मध्ये गोष्ट संपते: तेल टाळूत जिरले, अन्न जिरले, एखाद्याची मस्ती जिरली. ‘मुरणे’मध्ये गोष्ट आत राहते, वेळ घेते आणि ज्यात मुरली त्याला बदलते: लोणचे मुरते, पाक चिरोट्यात मुरतो, राजकारणी मुरलेला असतो. लोणच्याच्या फोडी मीठ-तेल-मसाला आत घेतात, स्वतःचे पाणी सोडतात, आणि काही आठवड्यांनी दोन्ही मिळून तिसरीच चव होते. ‘पिकल ॲब्सॉर्ब्ज द स्पाइसेस’चे ‘लोणचे मसाले शोषून घेते’ असे भाषांतर केले तर अर्थ येतो आणि लोणचे जाते.

जमिनीतल्या पाण्याला दोन्ही चालतात. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा सगळ्यांना पाठ आहे, आणि ‘पाणी मुरणे’ही तितकेच रुळलेले. पण सावध राहायला हवे: ‘कुठेतरी पाणी मुरतंय’ याचा अर्थ काहीतरी काळेबेरे आहे असा होतो. शोषखड्ड्याच्या सरकारी पत्रकात ‘तुमच्या घरी पाणी कुठे मुरते?’ असा मथळा दिला तर वाचणारा हसेल किंवा चिडेल. तिथे ‘जिरते’च बरे. माळव्याच्या काळ्या मातीचे वर्णन करायला तर दोन-तीन क्रियापदे लागतात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यामुळे पहिल्या पावसाचे पाणी ती घटाघटा पिते. मग चिकणमाती फुगते, भेगा मिटतात, आणि पुढचे पाणी जिरत नाही, साचते. इंग्रजीत दोन्हीला ‘ॲब्सॉर्प्शन’, पहिले जास्त, दुसरे कमी. मराठीत क्रियापद बदलले की आकड्याशिवायही चित्र कळते.

‘भिनणे’ म्हणजे सर्वांगात पसरणे. विष, नशा, औषध, सूर. ‘औषध अंगात भिनायला वेळ लागतो’ हे डॉक्टरांच्या ‘स्लो ॲब्सॉर्प्शन’चे बोलीतले रूप. मात्र छापील औषध-माहितीपत्रकात ते वापरू नये, कारण भिनण्यात नशेची आणि विषाची सावली आहे. तिथे ‘रक्तात हळूहळू शोषले जाते’ ठेवावे.

झिरपणे आणि पाझरणे या यादीत बसत नाहीत. त्यांत वस्तू आरपार जाऊन दुसरीकडे निघते. गच्चीवरचे पाणी छतात झिरपते, भिंत ओल धरते. ‘आटणे’ही वेगळे, त्यात पाणी वाफ होऊन जाते. भाताची इंग्रजी ‘ॲब्सॉर्प्शन मेथड’ म्हणजे बेताच्या पाण्यात, बहुधा वाटीला दोन वाट्या, पेज न काढता केलेला भात. पाणी काही दाण्यांत जाते, काही आटते. ‘शोषण पद्धतीचा भात’ लिहिणाऱ्यांना घरच्यांनी आधी तो वाढून दाखवावा.

तिसरी पायरी: क्षेत्र ओळखा

शास्त्रात बोली क्रियापदे पुरत नाहीत, तिथे ठरलेला शब्द लागतो आणि तो एकदा निवडला की शेवटपर्यंत तोच ठेवायचा. ‘शोषण’ आणि ‘अवशोषण’ दोन्ही चालतात. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘शोषण’ येतो, हिंदीत ‘अवशोषण’. इंदूरच्या विद्यार्थ्यासाठी लिहिताना ‘अवशोषण’ घेण्यात दोन फायदे आहेत: तो शब्द त्याने हिंदीत पाहिलेला असतो, आणि ‘पिळवणूक’ हा दुसरा अर्थ मध्ये येत नाही.

पचनाच्या धड्यात मात्र हिंदी आणि मराठी वेगळ्या वाटेने जातात. हिंदीत ‘ॲसिमिलेशन’ म्हणजे ‘स्वांगीकरण’, मराठीत ‘सात्मीकरण’. मूल दोन्ही पुस्तके वापरत असेल तर हे आधीच सांगून टाकावे. याच धड्यात तीन इंग्रजी शब्दांची गल्लत होते. ताटातून पोटात गेले ते ‘इनटेक’. लहान आतड्याच्या भिंतीवरच्या रसांकुरांमधून, म्हणजे बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांमधून, रक्तात गेले ते ‘ॲब्सॉर्प्शन’. पेशींनी वापरून शरीराचा भाग केले ते ‘ॲसिमिलेशन’. पोह्यांवर लिंबू पिळले की त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे लोहाचे ॲब्सॉर्प्शन वाढते, इनटेक तेवढाच राहतो. आणि त्यावर लगेच कट चहा मारला की चहातल्या टॅनिनमुळे ते घटते. सकाळी इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीत उभे राहून हे कोणी ऐकणार नाही, पण फरक समजावायला उदाहरण चांगले आहे.

‘ॲड्सॉर्प्शन’ हा मध्ये ‘ड’ असलेला शब्द छपाईची चूक समजून अनेक जण ‘सुधारतात’. ती चूक नव्हे. शोषणात पदार्थ आतपर्यंत जातो, ‘अधिशोषणा’त तो फक्त पृष्ठभागाला चिकटतो. पाण्याच्या फिल्टरमधला कोळसा आणि बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी दोन्ही अधिशोषणाने काम करतात. त्यांत बारीक छिद्रांमुळे पृष्ठभाग अफाट असतो. सक्रियित कोळशाच्या एका ग्रॅमला 500 चौरस मीटर किंवा त्याहून जास्त. बोलीत दोन्हीला ‘ओलावा ओढते’ म्हटले तरी चालते, प्रश्नपत्रिकेत नाही.

प्रकाशाच्या बाबतीत ‘ॲब्सॉर्प्शन’ आणि ‘ॲब्सॉर्बन्स’ एक नव्हेत. पहिली क्रिया, दुसरा आकडा, आणि तो लॉगरिदममध्ये असतो: ॲब्सॉर्बन्स 1 म्हणजे 10 टक्के प्रकाश पलीकडे पोचला, 2 म्हणजे 1 टक्का. ‘शोषण दुप्पट झाले’ असे लिहिणारा इथे फसतो. इंदुरात हा विषय पुस्तकापुरता नाही. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या, म्हणजे आपल्या कॅटमधल्या, इंडस-2 या 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टच्या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन वेगाने फिरवून तीव्र किरण मिळवणाऱ्या यंत्रावर) एक्स-किरण अवशोषणाने पदार्थातल्या अणूंची मांडणी तपासतात.

बांधकामात ‘वॉटर ॲब्सॉर्प्शन’ला ‘पाणी शोषण्याचे प्रमाण’ म्हणावे आणि एकक टक्का द्यावा. विटेची चाचणी अशी: वीट 105 ते 115 अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची, गार झाल्यावर वजन करायचे, साध्या पाण्यात 24 तास बुडवायची, बाहेर काढून पुसायची आणि 3 मिनिटांच्या आत पुन्हा वजन करायचे. वाढलेले वजन भागिले कोरडे वजन गुणिले 100. कोरडी वीट 2.800 किलो आणि ओली 3.220 किलो असेल तर 15 टक्के. भारतीय मानकात 12.5 वर्गापर्यंतच्या विटेला (वर्ग विटेच्या ताकदीवरून ठरतो) 20 टक्क्यांची मर्यादा आहे, त्यावरच्या वर्गांना 15. चूक होते ती भागाकारात. ओल्या वजनाने भागले की आकडा कमी येतो आणि नापास वीट पास होते. गवंडी मात्र ‘ही वीट लई पाणी पिते’ म्हणेल, आणि त्याचे म्हणणे बहुधा खरे निघते. तशी वीट आधी भिजवून घेतली नाही तर ती सिमेंटच्या मसाल्यातले पाणी ओढून घेते आणि सांधा कच्चा राहतो.

पैसा, नोकरी, कंपनी

इथे ‘शोषण’ हा शब्द हातात घ्यायचाच नाही.

कर्मचाऱ्यांचे ‘ॲब्सॉर्प्शन’ म्हणजे सामावून घेणे. कार्यालयीन मराठीत ‘समावेशन’. मध्य प्रदेशच्या आदेशांत ‘संविलियन’ येते, आणि इंदूरच्या मराठी शिक्षकाला तोच शब्द ओळखीचा असतो. पत्र इथल्यांसाठी असेल तर ‘संविलियन (सामावून घेणे)’ असे एकदा लिहून पुढे ‘सामावून घेणे’ वापरावे. महाराष्ट्रातले ‘समायोजन’ म्हणजे जुळवून बसवणे, ते याच अर्थाने वापरलेले दिसले तरी अदलाबदल करताना आदेश वाचून घ्यावा.

खर्च किंवा तोटा ‘ॲब्सॉर्ब’ करणे म्हणजे सोसणे, स्वतःच्या अंगावर घेणे. ‘वाढीव भाडे कंपनीने सोसले, गिऱ्हाइकावर टाकले नाही.’ वाईट बातमी ‘ॲब्सॉर्ब’ केली तर धक्का पचवला. गाडीच्या शॉक ॲब्सॉर्बरला कोणी धक्काशोषक म्हणत नाही. गॅरेजमध्ये तो ‘शॉकअप’ असतो आणि लिहिताना ‘शॉक ॲब्सॉर्बर’ राहू द्यावा.

कॉस्टिंगमध्ये अर्थ तांत्रिक आहे: वर्षभराचा वरखर्च (ओव्हरहेड) प्रत्येक कामावर दराने बसवणे. वरखर्च 6,00,000 रुपये आणि मशीनचे तास 12,000 धरले तर दर तासाला 50 रुपये, म्हणून 8 तासांच्या कामावर 400. वर्षाअखेर तास 11,000च भरले तर 5,50,000 रुपये बसले. खर्च ठरल्याप्रमाणे 6,00,000च झाला असेल तर 50,000 बसायचे राहिले. याला ‘अंडर-ॲब्सॉर्प्शन’ म्हणतात. उत्तरपत्रिकेत इंग्रजी शब्द देवनागरीत ठेवावा आणि कंसात ‘कमी बसलेला वरखर्च’ असे समजावून लिहावे. ‘कमी शोषण’ लिहिले की तपासणाऱ्याला थांबून विचार करावा लागतो.

दोन कंपन्या एकत्र येऊन नवी तिसरी निघाली तर वाणिज्याच्या पुस्तकात ‘अमाल्गमेशन’, एक टिकून दुसरी तिच्यात गेली तर ‘ॲब्सॉर्प्शन’, मराठीत ‘विलीनीकरण’. होळकर संस्थानात 1920 साली सुरू झालेली इंदूरची बँक पुढे स्टेट बँक ऑफ इंदौर झाली आणि 26 ऑगस्ट 2010 रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. नवी बँक निघाली नाही, म्हणून पुस्तकी अर्थाने हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण.

मन गुंतते तेव्हा

या अर्थाला इंग्रजीत ‘इन्ग्रॉसमेन्ट’ आणि ‘इमर्शन’ हे जवळचे शब्द. ‘रॅप्ट’ श्रोत्यांच्या तल्लीनतेला लागतो आणि ‘प्रीऑक्युपाइड’मध्ये काळजी असते, त्यापुढे ‘विथ’ येते. मराठीत भजनात तल्लीन, खेळात दंग, गप्पांत रंगलेले, कामात गढलेले, मोबाइलमध्ये गुंग, विचारात मग्न. ही अदलाबदल होत नाही: भजनात कोणी गुंग झाला म्हटले की त्याला भान नव्हते असा वास येतो. ‘पुस्तकात हरवला’ हे हिंदीच्या ‘खो गया’वरून आले आहे, टाळता येते. ‘सेल्फ-ॲब्सॉर्ब्ड’ला निंदा असेल तर ‘आत्मकेंद्री’, नुसते वर्णन असेल तर ‘आत्ममग्न’. ‘ॲब्सॉर्बिंग’ पुस्तक खिळवून ठेवते. माहिती ‘ॲब्सॉर्ब’ करणारा ती आत्मसात करतो, आणि ‘स्लो ऑन द अपटेक’ असलेल्याच्या डोक्यात प्रकाश उशिरा पडतो. हाच ‘अपटेक’ शेतीच्या लेखात आला तर तो मुळांनी खत किंवा पाणी उचलणे आहे, आणि शेतकरी ‘पीक खत उचलतं’ असेच म्हणतो.

एक लेबल शेवटपर्यंत नेऊन पाहू

इंदूरच्या सियागंज बाजारात मिळणाऱ्या फडक्याच्या पाकिटावर असते तसे इंग्रजी: ‘हाय ॲब्सॉर्प्शन मायक्रोफायबर क्लॉथ. ॲब्सॉर्ब्ज स्पिल्स क्विकली. डू नॉट यूज फॅब्रिक सॉफ्टनर, ॲज इट रिड्यूसेस ॲब्सॉर्बन्सी.’

शब्दाला शब्द ठेवला तर: ‘उच्च शोषण सूक्ष्मतंतू कापड. सांडण्यांचे जलद शोषण करते. कापड मृदुकारक वापरू नका, कारण ते शोषकता कमी करते.’ विकत घेणाऱ्या बाईंना यातून फडके आहे हेसुद्धा कळणार नाही.

आता पायऱ्यांनी. नाम मोडले: फडके पाणी घेते. पाणी पिळून परत निघते आणि पृष्ठभागावरून उचलले जाते, म्हणून टिपणे. घरगुती वस्तू आहे, म्हणून परिभाषा नको. ‘शोषकता कमी होते’ याचे कारण द्यायला जागा आहे: सॉफ्टनरचा थर तंतूंवर बसतो आणि पाणी आत शिरायची वाट बुजते. मग वाक्य होते: ‘सांडलेले पाणी चटकन टिपणारे मायक्रोफायबर फडके. धुताना कपडे मऊ करणारे सॉफ्टनर वापरू नका. तंतूंवर त्याचा थर बसतो आणि फडके पाणी टिपेनासे होते.’ इंदूर, उज्जैन, देवासपुरतेच विकायचे असेल तर खाली हिंदी ओळीत ‘सोखता है’ जरूर लिहा, मराठी ओळीत नको.